ऱ्होड्सच्या बेटावरील एक रिकामा दिवस

प्रवासाहून परत आलेल्या मनुष्यास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, तो 'काय काय पाहिलेत?' हा होय. या प्रश्नात 'काय' हा शब्द दोनदा येतो, आणि सारी मेख त्या द्विरुक्तीत आहे. एक पाहून भागत नाही, यादी लागते. काशीस जाऊन गंगेच्या घाटावर चार दिवस नुसते बसून आलो, असे कोणी सांगितले तर लोक त्यास वेड्यात काढतील. मग समुद्र ओलांडून यवनांच्या देशी गेलेल्या मनुष्याने तेथे एक अख्खा दिवस काहीही न पाहता घालविला, हे सांगण्यास धैर्यच पाहिजे. ते धैर्य गोळा करून आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

आमची स्वतःची ओळख दोन ओळींत आटोपण्यासारखी आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षे मुलांस संस्कृत व इतिहास शिकवून निवृत्त झालो. देशाटनाची हौस आमच्या पिढीने नकाशावर भागविली. आमच्या पणजोबांच्या काळी तर समुद्रयान कलिवर्ज्यांत मोडत असे. विलायतेहून परतलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घेतल्यावाचून पंक्तीत बसता येत नसे. त्याच घरातील चिरंजीव आज परदेशात नोकरी करितात, आणि गेल्या वर्षी त्यांनीच आग्रहपूर्वक आम्हां उभयतांस भूमध्य समुद्रातील एका आगबोटीच्या सफरीवर धाडले. प्रायश्चित्ताचा प्रश्न कोणी काढला नाही. सूनबाईंनी मात्र पिशवीत मेतकूट व भाजणी न विसरता भरून दिली.

या सफरींची रीत अशी की, बोट रात्री चालते आणि सकाळी एखाद्या बंदरास लागते. उतारूंनी दिवसभर जमिनीवर फिरावे आणि सायंकाळी ठरलेल्या वेळेच्या आत परत चढावे. वेळ चुकविणारासाठी बोट थांबत नाही. यामुळे प्रत्येक बंदरी एकच धांदल उडते. आठ तासांत दोन हजार वर्षांचा इतिहास उरकावयाचा असतो. मार्गदर्शक हातात छत्री उंच धरून पुढे पळतो आणि त्याच्या मागे चाळीस माणसे धापा टाकीत पळतात. पहिली दोन बंदरे आम्हीही याच रीतीने पाहिली. तिसरे बंदर ऱ्होड्सचे होते.

ऱ्होड्स हे बेट ग्रीस देशाच्या आग्नेय टोकास, तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत आहे. तेथे उतरल्यावर कोठे जावयाचे, हे आम्ही घरून निघतानाच ठरविले होते. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर, लिंडोस नावाचे गाव आहे. तेथे समुद्रात घुसलेल्या शंभरावर मीटर उंच खडकावर अथेना देवीच्या मंदिराचे भग्न स्तंभ उभे आहेत. ग्रीक लोक आपल्या प्राचीन ज्ञात्यांपैकी सातांस विशेष मान देत, जसे आपण सप्तर्षींस देतो. त्या सातांपैकी क्लिओब्यूलस हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात लिंडोसचा अधिपती होता. इतिहासाच्या तासाला हे नाव आम्ही किती वर्षे उच्चारले असेल, त्याची गणती नाही.

परंतु त्या खडकावर चढावयास तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आणि आमच्या कुटुंबाचा उजवा गुडघा आदल्या दिवशीच्या धावपळीने सुजला होता.

"तुम्ही जा लिंडोसला," सकाळी चहा घेताना सौभाग्यवती म्हणाल्या. "मी बोटीवरच पडून राहीन. इतकी वर्षं नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवलंत, आता दारापर्यंत येऊन परत जाऊ नका."

"नकाशावर पस्तीस वर्षे पाहिले, ते काही थोडे नाही," आम्ही म्हटले. "आज खाली उतरू, जवळच कोठेतरी बसू, आणि कंटाळा आला की परत येऊ."

त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. यात त्याग किती आणि समजूत किती, याचा त्या अंदाज घेत असाव्यात. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी थोडा त्याग होताच. मोटारगाडीत बसून जाणारी मंडळी वरच्या डेकवरून दिसत होती, आणि मनात काहीतरी खुपले. ते खुपणे दुपारपर्यंत पार नाहीसे झाले, आणि ते कसे नाहीसे झाले हाच या लेखाचा विषय आहे.

ऱ्होड्सची एक सोय अशी की, बोट जेथे लागते तेथून जुने शहर अगदी हाकेच्या अंतरावर आहे. धक्क्यावरून पाच-दहा मिनिटे चालले की तटाचे द्वार लागते. हा तट सुमारे चार किलोमीटर लांबीचा असून आजही जवळजवळ अखंड उभा आहे. ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका पंथाने चौदाव्या शतकाच्या आरंभी हे बेट घेतले आणि दोनशेंहून अधिक वर्षे राखले. १५२२ साली तुर्कांच्या सुलतान सुलेमानाने प्रदीर्घ वेढा देऊन ते जिंकले. तुर्कांचा अंमल १९१२ पर्यंत चालला, मग इटलीचा आला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या तहाने, बेट ग्रीसकडे आले. १९८८ साली या जुन्या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. तटाच्या आत देवळाचा घुमट, मशिदीचा मिनार आणि योद्ध्यांचे दगडी वाडे एकमेकांस खेटून उभे आहेत. ज्यांनी एकमेकांची गळेकापी केली, त्यांची घरे आज एकाच पाणपोईचे पाणी पितात.

गल्ल्या अरुंद आहेत. त्यांच्या फरसबंदीत समुद्रावरील गुळगुळीत गोटे उभे रोवलेले आहेत. डोळ्यांस ते फार सुंदर दिसतात. दुखऱ्या गुडघ्यास मात्र त्यांतील प्रत्येक गोटा स्वतंत्रपणे आपली ओळख करून देतो. त्यामुळे आमची चाल हरिदासाच्या दिंडीसारखी, दोन पावले पुढे आणि थोडे थांबणे, अशी झाली. ऑक्टोबर महिना होता. ऊन कोवळे होते. ओळखीची तांबडी जास्वंद एका भिंतीवरून डोकावत होती. सौभाग्यवतींनी तिच्याकडे पाहून म्हटले, "आज चतुर्थी असती तर हिला सोडलं नसतं." असे शंभर-दीडशे पावले गेल्यावर एका लहानशा चौकात, झाडाच्या सावलीत, तीन मेजांचे एक कॉफीचे दुकान दिसले, आणि आम्ही तेथे बसलो. हाच आमचा त्या दिवशीचा गड, आणि हाच त्याचा माथा.

ग्रीक कॉफीचे प्रकरण आपल्या वाचक भगिनींस रुचण्यासारखे आहे. बारीक दळलेली पूड, पाणी व साखर ही एका लांब दांड्याच्या चिमुकल्या भांड्यात एकत्र घालून मंद आचेवर ठेवितात, आणि फेस वर येताच सबंध कॉफी न गाळता लहानशा पेल्यात ओततात. साखर मागाहून घालावयाची नसल्यामुळे आधीच विचारून घेतात. बिनसाखरेची, मध्यम, की गोड? मध्यम कॉफीस तेथे 'मेत्रिओ' म्हणतात. दुकानदाराने तो शब्द उच्चारला मात्र, आणि आमच्यातील मास्तर जागा झाला. 'मेत्रिओ' म्हणजे मापातला. ग्रीक 'मेट्रोन' म्हणजे माप. आणि आपली 'मात्रा', 'मान', 'प्रमाण' ही सर्व ज्या 'मा' धातूपासून निघाली, त्याच कुळातील तो शब्द. ज्या क्लिओब्यूलसच्या गावी आम्हांस जाता आले नाही, त्याचा प्रसिद्ध बोध तरी काय? सर्व गोष्टींत माप हेच उत्तम! भगवद्गीतेने युक्त आहारविहाराचा जो उपदेश केला, त्याचाच हा सख्खा भाऊ. लिंडोसला आम्ही गेलो नाही. परंतु लिंडोसचा ऋषी पेल्यात बसून आमच्या मेजावर आला.

आम्ही दुसरे काही मागविण्यासाठी हात वर केला, तेव्हा दुकानदार आतूनच ओरडला, "एना लेप्तो!" एक मिनिट, असा त्याचा अर्थ. वाचकहो, ज्यांच्या घरी पंचांग आहे आणि ज्यांनी ज्योतिषाचा एखादा संस्कृत ग्रंथ चाळला आहे, त्यांस 'लिप्ता' हा शब्द परिचित असेल. अंशाचा साठावा भाग म्हणजे लिप्ता अथवा कला. हा शब्द आपण यवनांपासूनच घेतला. 'होरा' हाही त्यांचाच. तेथे आजही तासाला 'ओरा' म्हणतात. आपण त्या होऱ्यावरून वारांचा क्रम लावला, ग्रंथाला होराशास्त्र नाव दिले, आणि पुढे मराठीत 'अमक्याचा होरा चुकला' असेही म्हणू लागलो. कुंडलीतील 'केंद्र' आणि सप्तम स्थानाचे 'जामित्र' हे नाव, हीही त्याच गावची पाहुणी. आपल्या घरातील मुलामुलींची लग्ने ज्या शब्दांवर जमली वा मोडली, ते शब्द अशा रीतीने समुद्र ओलांडून आलेले आहेत, आणि त्यांस कोणी प्रायश्चित्त विचारले नाही. उलट सहाव्या शतकातील वराहमिहिराने स्पष्ट म्हटले आहे की, यवन म्लेच्छ खरे, परंतु या शास्त्रात पारंगत असल्यामुळे ते ऋषींप्रमाणे पूज्य होत. योगायोग पाहा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस नावाच्या ज्या थोर ज्योतिर्विदाने अयनचलनाचा शोध लाविला, त्याने आपले वेध याच ऱ्होड्स बेटावर घेतले होते.

तास आणि मिनिट यांची नावे ज्यांनी आम्हांस दिली, ते लोक स्वतः मात्र मिनिटाच्या बाबतीत फार उदार आहेत. दुकानदाराचे ते एक 'लेप्तो' घड्याळात दहा मिनिटांचे भरले. आमच्या मनात त्याविषयी रोष आला नाही. शेजारच्या मेजावर दोन वृद्ध गृहस्थ सोंगट्यांचा डाव मांडून बसले होते. एकाच्या हातात मण्यांची माळ होती; आम्हांस वाटले जप चालला असेल, परंतु चौकशी केल्यावर कळले की हा जप नव्हे, नुसता हाताला चाळा. मणी बोटांवरून सरत होते आणि वेळही.

दुकानाच्या उंबऱ्याशी दुकानदाराची आई बसली होती. वय ऐंशीच्या घरातील, अंगावर काळी वस्त्रे, मांडीवर पराती एवढे ताट, आणि त्यात हिरव्या शेंगा. ती शेंगांचे देठ मोडून दोर काढीत होती. सौभाग्यवती पाच मिनिटे तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि मग न राहवून खुर्ची पुढे सरकवून त्यांनीही मूठभर शेंगा उचलल्या. कोणत्याही देशात शेंगांचे दोर एकाच रीतीने निघतात. दोघी काही वेळ अवाक्षर न बोलता काम करीत होत्या. मग म्हातारीचे लक्ष सौभाग्यवतींच्या सुजलेल्या गुडघ्याकडे गेले. तिने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "गोनातो!"

आम्ही खुर्चीतच उठून बसलो. "अगं, ती 'जानु' म्हणते आहे!"

"कोण जानू?"

"जानु म्हणजे गुडघा. आजानुबाहु म्हणतो तो जानु. प्राचीन ग्रीकांत 'गोनु', आता 'गोनातो'. तुझा आणि तिचा गुडघा एकाच धातूचा आहे!"

"दुखतोही एकाच रीतीने," सौभाग्यवती म्हणाल्या.

हा संवाद म्हातारीस कळण्याचे कारण नव्हते. पण तिला तो कळला असावा. ती उठली, आतून एक ठेंगणे स्टूल आणून तिने सौभाग्यवतींचा पाय त्यावर ठेविला. मग त्यांच्या हातातील शेंगा काढून घेऊन ताटात टाकल्या, आणि कॉफीचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला. या कृतीस भाष्याची गरज नाही.

वाचकहो, आमच्या शाळेची पहिली घंटा पावणेअकरास होई. ती घंटा शाळेत शिपाई वाजवी. परंतु आमच्या घरात तिचा पहिला टोला पहाटे पाचास पडे. बंब, आंघोळी, पूजेची तयारी, मुलांचे डबे, आमचे जेवण, हे सारे त्या एका घंटेशी बांधलेले असे. घरातील सर्वांचा चहा झाल्यावर उरलेला चहा सौभाग्यवतींचा, आणि तो कोमट. आम्ही २०१५ साली निवृत्त झालो. सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. घरातील घंटेस मात्र निवृत्तीचे वय नव्हते. ती आजही पाचासच वाजते. त्या चौकात, झाडाखाली, पाय स्टुलावर ठेवून, दुसऱ्याने केलेली कॉफी गरम असतानाच पिणारी स्त्री आम्ही चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच पाहत होतो. मनगटावर चिरंजीवांनी दिलेले घड्याळ होते, आणि त्याकडे तिचे लक्ष नव्हते.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "किती वाजले म्हणून सकाळपासून मी एकदाही विचारलं नाही. तुमच्या लक्षात आलं का?"

आमच्या लक्षात आले होते. परंतु आम्ही नुसती मान हलविली. बोललो असतो तर आवाज जरा जड निघाला असता.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न आम्हांस वाटत होता तितका बिकट ठरला नाही. तेथील भाविक लोक वर्षातील कितीतरी दिवस, आणि एरवीही दर बुधवारी व शुक्रवारी, मांस, अंडी व दूध वर्ज्य करितात. अशा उपवासास चालणाऱ्या पदार्थांस त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे. तो दिवस बुधवार होता, आणि म्हातारीचा उपवास होता! आमचे काय चालते आणि काय चालत नाही, हे समजण्यास तिला मुळीच अडचण पडली नाही. तिने 'पितारूदिया' नावाचे पदार्थ करून पाठविले. भिजविलेले हरभरे वाटून, त्यात कांदा, टोमॅटो व पुदिना घालून तळलेले हे वडे खास ऱ्होड्सचे होत. सौभाग्यवतींनी पहिला घास घेऊन निर्णय दिला, "हिरवी मिरची हवी होती." दुसऱ्या घासानंतर मिरचीचा विषय निघाला नाही. फक्त एक गोंधळ झाला. तेथे होकारास 'ने' म्हणतात. "आणखी घ्याल?" असे विचारल्यावर आम्ही "नको" म्हणून हात हलवावा, आणि त्यातील 'न' ऐकून दुकानदाराने आणखी दोन वडे आणावे, असे दोनदा झाले.

वडे खाता खाता आमचे मन आपल्या मुलखात जाऊन आले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणारांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत कित्येक जण स्वतःस 'यवन' म्हणवितात. दोन हजार वर्षांपूर्वी ते लोक सह्याद्रीच्या कुशीत राहून बुद्धाच्या लेण्यास खांब देत होते. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी कांस्यमूर्ती सापडली. ती तेथील टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीत आम्ही ती मुलांस दाखवीत असू, आणि 'हा देव पंचगंगेच्या काठी कसा आला?' असे विचारीत असू. मुले 'व्यापारातून' असे पाठ केलेले उत्तर देत. उत्तर बरोबरच आहे. परंतु त्या झाडाखाली बसल्यावर वाटले की, व्यापारी बंदरात माल उतरवून लगेच थोडाच परततो? वारा फिरेपर्यंत महिनोन्महिने त्याला किनाऱ्यावर बसावे लागे. त्या बसण्यात त्याची कोणाशी ओळख झाली असेल, कोणाच्या ओटीवर त्याने शेंगा निवडल्या असतील, आणि 'होरा' व 'लिप्ता' हे शब्द तेथेच हातावेगळे झाले असतील. मालाची देवघेव घाईत होऊ शकते; शब्दांची होत नाही.

तिसऱ्या प्रहरी हळूहळू परत निघालो. वाटेत एका चौकात विसाव्यास बसलो. मध्यभागी कारंजे होते आणि त्यावर समुद्रघोड्यांच्या आकृती होत्या. जवळच झाडांच्या सावलीत काळ्या दगडाचा एक स्तंभ होता. त्यावरील लेख वाचला आणि मन एकदम गंभीर झाले. हा ज्यू हुतात्म्यांचा चौक. या गल्ल्यांतून ज्यू लोकांची वस्ती शतकानुशतके नांदत होती. १५७७ सालचे त्यांचे प्रार्थनामंदिर अद्यापि जवळच उभे आहे. १९४४ च्या जुलै महिन्यात जर्मनांनी येथील १६०० हून अधिक ज्यू स्त्रीपुरुषांस व मुलांस बोटींत भरून प्रथम ग्रीसच्या भूमीवर आणि तेथून आगगाडीने पोलंडमधील आउश्वित्झच्या छावणीत नेले. त्यांतून वाचले ते सुमारे १५०. अशा उन्हातल्या दुपारी याच दारांपुढे बायका भाजी निवडीत बसल्या असतील. आम्ही दोघे तेथे बराच वेळ काही न बोलता बसलो. धावत जाणारास तो स्तंभ दिसलाही असता. परंतु तेथे मुकाट्याने बसण्यास लागणारा वेळ त्याच्यापाशी नसता.

धक्क्याजवळच्या दुकानातून सौभाग्यवतींनी एकच खरेदी केली. तीळ व मध आटवून, वर बदाम लावून केलेली शंकरपाळ्याच्या आकाराची वडी. तिला तेथे 'मेलेकूनी' म्हणतात, आणि लग्नात व मुलांच्या बारशाच्या विधीत ती वाटतात. संक्रांतीस अजून तीन महिने होते. तरी तेथेच एक तुकडा मोडून त्यांनी अर्धा आम्हांस दिला, आणि तिळगुळाचे जे बोलावयाचे ते डोळ्यांनीच बोलल्या.

बोट सुटली तेव्हा आम्ही कठड्याशी उभे होतो. बांधावरील तीन पवनचक्क्या मागे पडल्या. याच शहरात, इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास, लिंडोसच्याच खारीस नावाच्या शिल्पकाराने सूर्यदेवाची तेहतीस मीटरांची कांस्यमूर्ती उभारली. जगातील सात आश्चर्यांत तिची गणना होई. बंदराच्या दोन्ही काठांवर पाय टाकून ती उभी होती, ही चित्रांतील कल्पना मात्र खोटी आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांनी भूकंप झाला आणि मूर्ती गुडघ्यांत मोडून पडली. पुढे शतकानुशतके ती तशीच आडवी होती, आणि तरीही लोक ती पाहावयास येत. तिच्या अंगठ्यास कवेत घेणे थोड्यांसच साधते, असे रोमन ग्रंथकार प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेविले आहे. उभी होती त्याच्या कितीतरी पट काळ ती पडून होती, आणि पडल्यानेही तिची थोरवी सरली नाही. निवृत्त मनुष्याने आणि गुडघे दुखणाऱ्या गृहिणीने ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

रात्री जेवणाच्या मेजावर पुण्याचे एक कुटुंब आमच्या शेजारी होते. त्यांनी लिंडोस पाहिले होते, राजवाडा पाहिला होता, उष्णोदकाची स्नानगृहे पाहिली होती, आणि सर्वांची छायाचित्रे दाखविली. छायाचित्रे खरोखर उत्तम होती. आम्ही ती आवडीने पाहिली. मग त्या गृहस्थांनी विचारले, "आणि तुम्ही काय काय पाहिलंत?"

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "आम्ही ना, बसलो होतो."

त्या उत्तरात संकोच नव्हता, याचा आम्हांस फार आनंद वाटला.

आता पाहण्यासारखे पाहू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पाय धड असतील त्याने अवश्य चढावे. तरुणांनी तर पायऱ्या मोजीत बसू नये. परंतु आपल्या सुशिक्षित घरांतून विश्रांती ही अद्यापि आळसाची धाकटी बहीण मानली जाते. आणि स्त्रियांच्या वाट्यास तर ती आजारपणाच्या निमित्तानेच येते. गुडघा सुजला म्हणून बसावयास मिळाले, एरवी मिळाले नसते, ही गोष्ट सुखाची खचित नव्हे. त्यासाठी ऱ्होड्सला जाण्याचेही कारण नाही. झाडाची सावली आपल्या गावी आहे, ओटा आहे, शेंगा आहेत. उणे आहे ते एवढेच, की कोणीतरी उठून हातातल्या शेंगा काढून घ्याव्या आणि गरम पेला हाती द्यावा. हे काम आम्ही परत आल्यापासून दर बुधवारी सकाळी करीत असतो. आमची कॉफी 'मेत्रिओ' साधत नाही. कधी साखर अधिक होते, कधी पूड. तक्रार अद्याप आलेली नाही. इत्यलम्.